फुंकरीने हलणारे टॉप

पाडवा होऊन चार दिवस झाले होते. भर दुपारी, पंखा पाचवर फिरत असताना, निवृत्त सुभेदार जयराज पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर घालून खोलीच्या मधोमध ताठ उभे होते आणि त्यांची बायको क्रांती त्यांच्या गळ्याभोवती टेप फिरवत होती.

"आवं, हलू नका. खांद्याचं माप चुकंल."

"मी हलत न्हाई, घाम हलतोय," सुभेदार म्हणाले. "आणि टॉप बायकांचा हाय न्हवं? मग माप माझं का?"

"घरात उभं राहायला दुसरं कोण तयार हाय?"

हे खरं होतं. बावीस वर्षं क्रांतीनं नवऱ्याबरोबर फौजी क्वार्टर्समध्ये काढली. प्रत्येक पोस्टिंगला शेजारीण नवी आणि विणीचा नमुना नवा. परत गावी आली तेव्हा तिला एकशे दहा नमुने तोंडपाठ होते आणि साताऱ्याजवळच्या त्या गावात स्वेटर घालण्याजोगी थंडी जेमतेम दीड महिना पडत होती. तरी ती विणत राहिली. पाहुणे स्वेटर दोन्ही हातांनी घेत, तोंडभर कौतुक करत आणि घरी जाऊन ट्रंकेत तळाशी ठेवत. सासूबाई राहीबाईंनी तर आपला स्वेटर लोणच्याच्या बरणीला घातला होता. बरणी तेवढी कधी तक्रार करत नव्हती.

पण फेब्रुवारीत चमत्कार झाला. पाहुण्यांना स्ट्रॉबेरी खायला घालायला म्हणून ही मंडळी पाचगणीला गेली होती. तिथल्या बाजारातल्या एका कपड्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी, शिरीन मॅडमनी, क्रांतीच्या खांद्यावरची जाळीची शाल धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

"हाताची वीण आहे?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. "टाके छान आहेत. पण मला स्वेटर नकोत. सीझनला माझ्याकडे येतात ती माणसं खालून घामाघूम होऊन आलेली असतात. त्यांना उन्हाळ्यात घालायचे हलके टॉप विणून द्याल? फुंकर मारली की हलला पाहिजे, एवढा हलका. आधी सहा आणा. पसंत पडले तर माझ्या दुकानात ती अख्खी भिंत तुमची. आणि प्रत्येक टॉपच्या गळ्यामागे तुमच्या नावाची पट्टी."

यातलं बाकीचं क्रांतीनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती 'तुमच्या नावाची पट्टी' या शब्दांपाशीच थांबली. क्वार्टरच्या दारावर पाटी होती ती सुभेदारांची. गॅसच्या पुस्तकावर नाव सुभेदारांचं. गावात ती जयराजची बायको आणि शाळेत साईराजची आई. स्वतःचं नाव छापून आलं होतं ते रेशनकार्डावर तिसऱ्या ओळीत, तेही 'कांती' असं. आता अनोळखी बायका तिचं नाव मानेमागं घेऊन हिंडणार होत्या. ती परतीच्या वाटेवर घाटभर एक शब्द बोलली नाही, त्यामुळे सुभेदारांना वाटलं की हिला गाडी लागली.

घरी पोचताच तिनं पहिला फोन जतला केला. तिकडच्या एका वाडीत मंगल राहायची. मंगलचा नवरा बिरदेव सुभेदारांच्याच पलटणीत होता आणि दोघींची क्वार्टर्स सहा वर्षं एकाच भिंतीची होती. क्रांतीइतक्या वेगानं सुया चालवणारी बाई या भूतलावर एकच, आणि ती मंगल.

"मंगल, पट्टीवर नाव 'क्रांती-मंगल'. चालंल?"

"अगं बया! चालंल म्हंजे? पळंल!" मंगल एवढ्या जोरात ओरडली की तिच्याकडच्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

ठरलं असं की दोघींनी सांगलीत भेटायचं, सूत आणि नमुना पसंत करायचा आणि तीन-तीन टॉप वाटून घ्यायचे. निघताना राहीबाईंनी सुनेला दारात थांबवलं.

"एक ध्यानात ठिव. कापड कोरंच्या कोरं द्यायचं. धुतलेलं कापड कुणाच्या हातात ठिवू नकोस. माझ्या लग्नात थोरल्या जावंनं एक डाव धुतलेलं लुगडं आहेर केलं हुतं. पन्नास वर्सं झाली, आमी बोलत न्हाई."

"न्हाई धुवत, आत्याबाई," क्रांती म्हणाली. आहेराचा नियम तिला काही नवा नव्हता. या भागात धुतलेलं कापड नवं म्हणून देणं म्हणजे समोरच्याची किंमत काढणं.

सांगलीच्या स्टँडवर बाकावर बसून दोघींनी आधी नमुन्यांचा निकाल लावायला घेतला. क्रांतीच्या फोनमध्ये त्रेचाळीस फोटो होते, मंगलच्या फोनमध्ये साठ. दोघी एकमेकींच्या अंगावर पडून बघत होत्या. "ह्यो बघ!" "आणि ह्यो?" "अगं ह्यो तर लयच!" असं चाललं असताना विट्याची गाडी लागली, भरली आणि गेली. शेजारच्या बाईंना विट्यालाच जायचं होतं. पण त्याही फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

"छातीवर मोर घेऊ," मंगल म्हणाली.

"मंगल, मोरानं टॉप जड हुतोय. फुंकरीनं हलाय पायजे."

"मग पाठीवर लांडोर?"

"पानं घेऊ. आंब्याच्या पानांची जाळी. दोन टाक्यांचा एक करायचा, शेजारी सुईवर मोकळा दोरा घ्यायचा की भोक पडतंय. वारं आरपार जाईल."

विट्याच्या बाईंनीही पानांनाच मत दिलं आणि मोर दोनास एक मतांनी पडला.

सुताचं दुकान लालासाहेबांचं. हळदीच्या वासाची गल्ली ओलांडली की डाव्या हाताला. लालासाहेब शांत माणूस होता, म्हणजे त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत होता. लोकर दाखवली, ती दोघींनी हातही न लावता परत केली. ॲक्रिलिक मंगलनं मानेला घासून बघितलं आणि "हे घाम धरतंय" म्हणून सोडून दिलं. चकचकीत रेशमासारखं सूत सुईवरून घरंगळत होतं. मग जाड सुती आलं.

"लालासाहेब, ह्याचं दावं हुईल, टॉप न्हाई हुनार."

शेवटी लालासाहेब माळ्यावर चढले आणि बारीक, पिळदार, मऊ सुती लड्यांचं गाठोडं घेऊन उतरले. क्रांतीनं एक लडी उचलली आणि कानावर अडकवली. डोळे मिटले. कानावर काही आहे हे कळलंच नाही.

"मंगल, हेच!"

"हेच गं बाई हेच!"

दोघींनी दुकानातच एकमेकींचे हात धरले. मग रंग निघाले. कैरीचा हिरवा, हळदीचा पिवळा, चिकूचा, जांभळाचा, मोरपंखी आणि दुधासारखा पांढरा. लालासाहेबांनी घाम पुसला आणि गिऱ्हाईक पसंत पडलेलं सूत घेऊन जातंय या आनंदात सहा सुया वरून दिल्या.

आता अडचण एवढीच होती की सूत लड्यांत होतं आणि विणायला गुंडे लागतात. "ती काळजी सोड," मंगल म्हणाली. "आमचं अप्पा जल्मभर सूतच गुंडाळत आल्यात. सगळं मी घिऊन जाते. दोन दिसात गुंडे करून तुझं तुला एश्टीनं धाडते."

मंगलचे सासरे ज्योतिबा अप्पा पंचाहत्तरीचे. मेंढरांमागं हिंडता हिंडता हातातल्या चातीवर लोकर कातायची आणि घरी आलं की मागावर घोंगडं विणायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पंचक्रोशीत अप्पांचं घोंगडं म्हणजे मुलीच्या लग्नात मानाचं. पण चार वर्षांत कुणी घोंगडं मागायला आलं नव्हतं. माग भिंतीला टेकून उभा होता आणि त्यावर टॉवेल वाळत असत.

मंगलनं सूत त्यांच्यापुढं ठेवलं, "अप्पा, एवढं गुंडाळून देता का?" म्हणाली आणि शेजारच्या वाडीला हळदीच्या कार्यक्रमाला गेली. अप्पांनी एक लडी बोटांत धरली. ओढली. पुन्हा ओढली. ते गंभीर झाले.

"ह्यात काय दम हाय?" ते मागाला म्हणाले, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. "पोरी इनाय बसल्या की तटातटा तुटंल."

घोंगड्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला चिंचोक्याची खळ देतात. अप्पांना आज चार वर्षांनी कारण मिळालं होतं. त्यांनी चिंचोके काढले, भाजले, कुटले, शिजवले आणि घट्ट खळ केली. सगळ्या लड्या तिच्यात बुडवून, पिळून, दोन बाभळींच्या मध्ये दोरीवर ताणून वाळत घातल्या. जतच्या उन्हाला वाळवण्याचं काम सांगावं लागत नाही. मंगल परत आली तेव्हा सहाही रंगांच्या लड्या कडक होऊन दोरीवर खडखडत होत्या आणि शेजारी अप्पा पागोटं सारखं करत उभे होते.

"बघ सूनबाई. आता कसं सूत झालंय!"

मंगलनं लडी उचलली, तर ती वाकडी उचलली तशी वाकडीच राहिली. तिला ओरडायचं होतं. पण अप्पांच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला बोलवेना. बिरदेवाचं लग्न झालं त्या दिवसानंतर तिनं त्यांना एवढं खुशीत बघितलं नव्हतं.

"लय भारी झालंय, अप्पा," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी क्रांतीला पार्सल मिळालं. तिनं घाईनं गुंडा काढला आणि तो हातातून निसटून फरशीवर पडला. ठक्क असा आवाज झाला. सांगलीत कानाला न कळलेलं सूत हेच, यावर तिचा विश्वास बसेना. बहुतेक मंगलनं मागाहून दुसरं सूत पसंत केलं असावं. पण मंगल सहा वर्षांची शेजारीण. तिची पसंती वाईट म्हणायची कशी?

संध्याकाळी फोन आला.

"कसं वाटलं सूत?" मंगलनं चाचरत विचारलं. क्रांतीनं शिव्या घातल्या तर बरंच, म्हणजे आपोआप सांगून होईल, असं तिच्या मनात होतं.

"लय छान!" क्रांती म्हणाली. "सुईवर कसं… उभं राहतंय."

"व्हय? माझ्याकडं बी उभंच राहतंय."

"मजबूत हाय, न्हाई?"

"लय मजबूत."

मग दोघींनी एकदमच "बरं, ठेवते" म्हटलं.

आणि दोघी विणत सुटल्या. क्रांतीच्या घरात सुयांच्या टकटकीबरोबर करकर असा आवाज येऊ लागला. सुताला वळवायला दोन्ही अंगठे लावावे लागत. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. इतकं ताठ सूत सैलही होत नव्हतं आणि घट्टही होत नव्हतं. टाक्याशेजारी टाका बसत होता तो छापल्यासारखा सारखा. आयुष्यात तिची वीण इतकी सरळ आली नव्हती. फक्त तयार झालेला पहिला टॉप तिनं भिंतीला टेकवला, तर तो टेकून बसला.

तिन्हीसांजेला राहीबाई दिवा लावायला आल्या आणि कोपऱ्याकडं बघून थबकल्या. "कोण गं ही बसलीया? च्या ठिव की तिला."

"आत्याबाई, टॉप हाय त्यो."

राहीबाईंनी जवळ जाऊन त्याला बोट लावलं. "फुंकरीनं हलाय पायजे न्हवं ह्यो?"

क्रांतीनं फुंकर मारली. मग राहीबाईंनी मारली. मग सुभेदारांना बोलावण्यात आलं आणि त्यांनी छाती फुगवून मारली. राहीबाईंचा पदर हलला, समईची वात हलली. टॉप जागचा हलला नाही.

"बाई गं, ह्याला वादळ लागंल," राहीबाई म्हणाल्या.

सुभेदारांना वाटलं, इस्त्री केली की मऊ पडेल. त्यांनी तीनही टॉपना फौजी पद्धतीनं कडक इस्त्री केली. गरम इस्त्री लागताच चिंचेचा वास सुटला. सुभेदारांनी नाक पुढं नेलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हा तर कलफ हाय! सुताला खळ दिलीया कुणीतरी. काय झकास दिलीया! पलटणीतल्या धोब्याला सुदीक जमली नसती. बघ, बाही कशी सावधानमधी हाय!"

"खळ?" क्रांतीनं टॉप उचलून हुंगला. "उन्हाळी टॉपला खळ?"

शनिवारी दुपारी मंगल आली. बरोबर तीन टॉप होते, कापडात उभे गुंडाळलेले, आणि बरोबर अप्पाही होते. आपलं सूत पाचगणीत कसं उठून दिसतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ते ओसरीवर राहीबाईंशी बोलत बसले आणि मंगलनं क्रांतीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"क्रांती, तुला खोटं बोलले मी. सूत लय वंगाळ झालंय."

"मी बी खोटं बोलले. लयच वंगाळ हाय."

"अप्पांनी खळ दिली गं. एवढं खूश हुतं, माझी जीभ रेटली न्हाई."

"आणि मला वाटलं, तू पसंत केलंस!"

दोघींना आधी रडू आलं आणि मग हसू. हसू आवरेना तेव्हा त्यांनी तोंडात पदर कोंबला. बाहेरून राहीबाईंनी "काय झालं गं?" विचारलं तेव्हा दोघींनी "काय न्हाई, ठसका लागला" असं एका सुरात सांगितलं.

"धुवून टाकू?" क्रांतीनं हळूच विचारलं.

"अप्पांच्या देखत? मोडून पडतील ते. आणि तुझ्या आत्याबाई?"

"त्या तर पन्नास वर्सं बोलायच्या न्हाईत. आणि मॅडमच्या हातात धुतलेलं कापड द्यायचं तरी कसं? त्या म्हणतील, वापरलेलं आणलं."

"मग काय करायचं?"

पट्टीवरचं आपलं नाव क्रांतीला डोळ्यांपुढं दिसत होतं आणि ते हळूहळू पुसट होत चाललं होतं.

रविवारी सकाळी सुभेदारांची जुनी जीप निघाली. पुढं सुभेदार आणि अप्पा, मागं दोघी, आणि दोघींच्या मध्ये सहा टॉप, माणसांसारखे ओळीनं बसलेले. अप्पा दर दहा मिनिटांनी मागं वळून टॉपांकडं बघत, काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि पुन्हा पुढं बघत. बिचाऱ्यांना केवढा अभिमान वाटतोय, असं मंगलला वाटलं आणि तिला आणखीच वाईट वाटलं.

वाई आली तसं क्रांतीनं एकदम "गाडी थांबवा!" म्हटलं. "चांगल्या कामाला निघालोय. कृष्णामाईचं दर्शन घेऊ. टॉपांवर जरासं पाणी शिंपडू."

शिंपडणं म्हणजे काही धुणं नव्हे. यावर राहीबाईंनाही बोलता आलं नसतं. क्रांती सहाही टॉप पिशवीत भरून, ती छातीशी धरून घाटाच्या पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं. तिथं तिचा पाय घसरला की तिनं घसरवला, हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. धप्पकन आवाज झाला आणि क्रांती गुडघाभर पाण्यात बसली. पिशवी उघडली आणि कैरी, हळद, चिकू, जांभूळ, मोरपंखी आणि पांढरा असे सहाही रंग पाण्यावर पसरले.

"आता गं बया!" मंगल किंचाळली. तिला आनंद झाला होता, पण तो दाखवायची सोय नव्हती.

सुभेदार "होल्ड इट! होल्ड इट!" करत खाली धावले. त्यांच्याआधी अप्पा पोचले. पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं धोतर खोचलं, पायताण भिरकावलं आणि थेट पाण्यात उडी घेतली. टॉप वाचवायला धावले बिचारे, असं वाटून क्रांतीचं काळीज तुटलं. आपण हे काय करून बसलो!

पण अप्पांनी सहाही टॉप गोळा केले, पाण्याखालच्या सपाट दगडावर ठेवले आणि त्यांच्यावर चढून पायानं तुडवायला लागले.

"अप्पा!" मंगल ओरडली. "काय करताय?"

"तुडवतोय!" अप्पा आनंदानं म्हणाले. "अर्धवट भिजवून खळ जात न्हाई पोरींनो. पायानं काढावी लागती, हलक्या पायानं. या, या तुमी बी!"

"खळ… काढायची असती?" क्रांतीनं पाण्यात बसूनच विचारलं.

"मग? खळ इनताना सूत तुटू नये म्हनून. मागावरनं घोंगडं उतरलं की आमी पयलं ते पाण्यात तुडवतो. खळीसकट अंगावर घ्यायला काय ते पत्रा हाय? इनून झाल्याधरनं बघतोय, ह्या धुतील, मग धुतील. आज गाडीत बसल्या तरी धुवंनात!"

"मग बोलला का न्हाई, अप्पा?" मंगल जवळजवळ रडत म्हणाली.

"तुमी शिकलेल्या. गावोगावचं बघितलेल्या. म्हनलं, असंल काय तर नवी रीत. सुनंच्या इनकामात सासऱ्यानं कशाला तोंड घालावं?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. इतके दिवस तीन माणसं केवळ दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसली होती. क्रांती पाण्यात जी हसत सुटली ती उठेचना. मग मंगलनंही पाण्यात उडी मारली आणि तिघं मिळून दगडावर थयथया नाचले. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघत उभ्या राहिल्या. सुभेदार एकटेच पायरीवर उभे राहून, आपल्या इस्त्रीच्या घड्या कृष्णेत विरघळताना बघत होते.

"काय सावधानमधी हुते," ते पुटपुटले.

पिळून वर काढलेला टॉप क्रांतीनं उलगडला आणि गालाला लावला. सूत पुन्हा मऊ झालं होतं, सांगलीतल्यासारखं. आणि खळीत विणलेले ते सरळ, सारखे टाके जसेच्या तसे राहिले होते. जाळी उघडली होती. आंब्याचं पान न् पान दिसत होतं.

"अप्पा, हे तुमच्या खळीमुळं झालंय," ती म्हणाली. हे तिनं वाईट वाटू नये म्हणून म्हटलं नव्हतं.

मात्र अकराची वेळ दिली होती आणि टॉप ओले होते. पसरणीचा घाट सुरू झाला तशी क्रांतीला युक्ती सुचली. जीपच्या दोन्ही बाजूंनी हात बाहेर काढून तिघांनी दोन-दोन टॉप वाऱ्यावर धरले. ऊन होतं, वारं होतं, आणि सहा रंगांचे सहा टॉप फडफडत घाट चढत होते.

"जोरात घ्या, आवं, जोरात!" क्रांती ओरडत होती.

"मागं कुणीतरी हॉर्न मारतंय," सुभेदार म्हणाले. एक पांढरी गाडी तिसऱ्या वळणानंतर मागं लागली होती आणि सारखा हॉर्न देत होती. सुभेदारांनी आयुष्यात हॉर्नला घाबरून रस्ता सोडला नव्हता. त्यांनी गाडी मधोमध ठेवली.

दुकानासमोर जीप थांबली. क्रांतीनं टॉप मोजले. पाच निघाले.

"पांढरा कुठं हाय?"

मंगलनं आपले रिकामे हात बघितले. "तिसऱ्या वळणावर म्हशी आडव्या आल्या, तवा…"

तेवढ्यात ती पांढरी गाडी मागं येऊन थांबली. दार उघडलं आणि चष्मा कपाळावर असलेल्या शिरीन मॅडम उतरल्या. त्यांच्या हातात पांढरा टॉप होता. क्रांतीला वाटलं, आता घाटात परत जाऊन लपावं.

"तुम्ही जागा का देत नव्हता हो?" मॅडमनी आधी सुभेदारांना विचारलं. सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. मग त्या क्रांतीकडं वळल्या. "हा तुमच्या जीपमधून सुटला, दोन गाड्यांवरून तरंगत आला आणि माझ्या वायपरवर बसला. फुंकर कसली मारायची आता?"

"मॅडम, आमी ते… म्हंजे पाण्यात पडलं म्हणून…" क्रांती अडखळली. मग तिनं ठरवलं की आता खोटं बस्स झालं. "धुतल्यात मॅडम. सगळे धुतल्यात. कोरे न्हाईत."

"मग बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "न धुतलेलं विणकाम मी घेतच नाही. धुतल्याशिवाय जाळी उघडते का कधी? एवढं तर येणारीला माहीत असणारच, म्हणून मी बोलले नव्हते."

म्हणजे गप्प बसलेली माणसं तीन नव्हती, चार होती.

मॅडमनी सहाही टॉप काउंटरवर पसरले, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि भिंतीकडं बघितलं. "ही भिंत रिकामी करा रे," त्यांनी आतल्या माणसाला सांगितलं. मग वही ओढली. "हं, पट्टीवर नाव काय घालायचं?"

फेब्रुवारीपासून क्रांतीनं हे उत्तर आरशासमोर म्हणून बघितलं होतं. मंगलनं तिचा हात दाबला.

"क्रांती-मंगल," क्रांती म्हणाली. "क्रांतीचा क्र नीट काढा, मॅडम. रेशनकार्डावर चुकलाय." आणि मॅडम तो नीट काढत असताना ती डोळे पुसत होती. सुभेदार दुसरीकडं बघत होते, पण त्यांचंही नाक लाल झालं होतं.

"आणि खाली एक ओळ, कसा धुवायचा त्याची," मॅडम म्हणाल्या. "काय लिहू?"

दोघींनी एकदम अप्पांकडं बघितलं. अप्पांनी घसा साफ केला.

"हलक्या पायानं," ते म्हणाले.

मॅडमनी पेन थांबवलं, अप्पांकडं बघितलं, पुन्हा एकदा टाक्यांकडं बघितलं आणि तसंच लिहिलं.

मे महिन्यात ती भिंत दोनदा भरली आणि दोनदा रिकामी झाली. जतला मागावरचा टॉवेल उतरला. तिथं आता लड्या असतात. राहीबाईंनी पट्टी लावलेला एक टॉप स्वतःकडं ठेवून घेतला आहे आणि तो बरणीला घातलेला नाही. परवा मॅडमचा फोन आला. पुण्याची एक गिऱ्हाईक बाई पट्टी वाचून विचारत होती, तुडवताना आधी उजवा पाय की डावा? क्रांतीनं जतला फोन लावला, मंगलनं तो अप्पांच्या कानाला लावला.

अप्पांनी बराच वेळ विचार केला.

"कुठला बी चालंल," ते म्हणाले. "आधी पाय धुवा म्हनावं."